सिस्टरची आजारी फाईल

लॅपटॉपला हात लावण्याआधी साबणानं कोपरापर्यंत हात धुणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली. नुसतं धुऊन भागायचं नाही. दोन्ही हात वर धरून, पाणी कोपरांवरून निथळू देत त्या खोलीत यायच्या, खुर्ची पायानं ओढायच्या आणि मला हुकूम सोडायच्या, "खोल." मी लॅपटॉपचं झाकण उघडायचं. मग बसून, पडद्याकडे रोखून बघत त्या विचारायच्या, "अच्छा, काय तक्रार हाय?"

हा प्रश्न मला नसायचा, फाईलला असायचा.

जबलपूरला रांझीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते. सिविल लाइंसमधल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवत होते. खालच्या मजल्यावर त्या आणि त्यांची मोठी बहीण. सगळा मोहल्ला त्यांना सिस्टर म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचे. सरकारी इस्पितळाच्या बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण निवृत्ती इस्पितळाला मिळाली होती, सिस्टरना नव्हे. पांढरी सुती साडी, पदरावर पिनेनं उलटं टांगलेलं छोटं घड्याळ, आणि सकाळ-संध्याकाळ राउंड. राउंडमध्ये भाडेकरूही आले. दारात उभ्या राहून त्या तीनच शब्द विचारायच्या, "झोप? भूक? पोट?" तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय हलायच्या नाहीत. एकदा आमच्या शाळेच्या प्राचार्या माझ्याकडे चहाला आल्या असताना राउंड आला. मी लाजेनं अर्धमेली झाले. सिस्टरनी मला विचारलं ते विचारलंच, मग प्राचार्यांकडे वळल्या, "और आपका?" गंमत म्हणजे ज्या बाईंपुढे आख्खा स्टाफ चळाचळा कापायचा त्यांनी निमूटपणे तिन्ही उत्तरं दिली. तिसरं जरा सविस्तर दिलं.

दुसरी खोड म्हणजे सांगितलेली प्रत्येक गोष्ट मोठ्यानं परत म्हणायची. दूधवाल्यानं "उद्या खाडा" म्हटलं की सिस्टर म्हणणार, "उद्या खाडा." वॉर्डात डॉक्टरांची ऑर्डर परत बोलून दाखवायची शिस्त होती, ती अंगात मुरली होती. आणि घड्याळ! काही महत्त्वाचं घडलं की त्यांचा हात आधी पदरावरच्या घड्याळाकडे जायचा. बाळ पहिल्यांदा रडलं की वेळ बघायची, ही आयुष्यभराची सवय. मी नोकरीत कायम झाल्याची बातमी सांगितली तेव्हाही त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग माझ्या पाठीवर थाप मारली.

त्यांचे वडील भंडाऱ्याकडून इथल्या कारखान्यात कामाला आले, ते नागपूर-जबलपूर एकाच राज्यात असताना. मग राज्यं वेगळी झाली, नातेवाईक रेषेच्या पलीकडे राहिले आणि ही मंडळी इथलीच होऊन गेली. घरात वऱ्हाडी-नागपुरी मराठी आणि दाराबाहेर हिंदी. आमचं घराणं सागरचं. आम्ही घरात जपून ठेवल्यासारखी मराठी बोलतो. सिस्टर त्यावरून मला छेडायच्या, "तुझी मराठी इस्तरी केलेली हाय वं. बसताना चुरगळत नाई?"

मोठ्या बहिणीला त्या अक्का म्हणायच्या. अक्का लग्न होऊन मझौलीला गेलेल्या. त्यांच्या नवऱ्याचं तिथल्या बाजारात दुकान होतं. नवरा गेला, मग अक्कांना अर्धांगाचा झटका आला आणि सिस्टर त्यांना घरी घेऊन आल्या. उजवी बाजू लुळी, आणि बोलणं गेलेलं. दोनच शब्द शिल्लक होते, होकाराचा "हव" आणि नकाराचा "नाई". आख्खा दिवस त्या दोन शब्दांवर चालायचा. मोहल्ल्यातल्या जुन्या बाया मला सांगायच्या, ही अक्का म्हणजे गाण्याची खाण होती. त्यांच्या आईनं रचलेला एक पाळणा होता. पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत, दर दिवसाचं एक कडवं. रांझीत असो की मझौलीत, आपल्या माणसांचं बारसं अक्कांच्या पाळण्याशिवाय झालं नव्हतं. आता त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. सिस्टरनी खूप विनवलं, पण गाण्याचं नाव काढलं की "नाई".

अशात अक्कांच्या नातीला दिवस गेले. बाळंतपणासाठी मझौलीहून ती सिस्टरकडे येणार होती. दुसऱ्या कोणाकडे जाणार? ही बातमी आली त्या संध्याकाळी राउंडला आलेल्या सिस्टरनी झोप, भूक, पोट काहीच विचारलं नाही. माझ्या खाटेवर बसल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या. काम असलं की मी मॅडम व्हायचे. "मोबाईलवर वाचाचं पुस्तक बनवता येते काय तुले?"

"कसलं पुस्तक?"

"अक्काच्या पाळण्याचं. पोरींले मराठी बोलता नाई येत, पण अक्षरं तर तेच हाय ना, हिंदीवाले? वाचू शकतात. कागद दिला तर उद्याच हरवतील. मोबाईल नाई हरवत. आनि बुढ्या बाया चष्मा इसरतात, त्या अक्षर मोठं करून घेतील."

मला ईबुक बनवायचं ओ की ठो माहीत नव्हतं. पण कॉम्प्युटर शिकवणारी बाई ते कबूल कसं करणार? "त्यात काय," म्हणून मोकळी झाले. मग विचारलं, "पण पाळणा तुम्हाला येतो ना?"

त्यांनी खाटेवरची चादर ताणून नीट केली. मग म्हणाल्या, "मायासमोर किती लेकरं रडली त्याचा हिसाब नाई. पन एकाचंही बारसं नाई पायलं मी. बाराव्या दिवशी बाळंतीण घरी, मी वार्डात. अक्का गात होती, म्हणून मले शिकाची गरजच नाई पडली. अर्धंमुर्धं येते. आता तिच्या घरातलं बारसं, तिच्या डोळ्यांपुढं मुकं जाईन? मी नाई जाऊ देणार."

असं आमचं शिक्षण सुरू झालं. दोघींचंच. मी शाळेत फुकटातलं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, त्याचे व्हिडिओ बघायचे आणि संध्याकाळी जन्मभर तेच केल्याच्या थाटात सिस्टरना शिकवायचे. त्यात डावीकडे पानांच्या फाइलींची रांग दिसायची, मध्ये मजकूर, उजवीकडे मोबाईलवर तो कसा दिसेल ते. सिस्टरना डावीकडची रांग फार आवडली. "हा वार्ड," त्यांनी जाहीर केलं. मी सगळी कडवी एकाच फाईलमध्ये घालणार होते. त्या उखडल्या. "एका बेडवर दोन पेशंट? माया वार्डात नाई चालणार." एका फाईलमध्ये एकच कडवं, म्हणजे मोबाईलवर एका पानावर एकच दिवस. ते दिसायलाही छान दिसलं.

सॉफ्टवेअरमध्ये चुका तपासायचं एक बटण होतं. दाबलं की खाली लाल अक्षरांत तक्रारी उमटायच्या. त्याला त्या ताप म्हणायच्या. "आज ताप किती?" म्हणत बटण दाबायच्या आणि लाल ओळी घटल्या की माझ्याकडे बघून मान डोलवायच्या. सेव्ह करताना मोठ्यानं "सेव्ह केलं" म्हणायच्या आणि मलाही म्हणायला लावायच्या. केलेलं एका बटणानं परत फिरवता येतं, ही गोष्ट मात्र त्यांच्या गळी कधी उतरली नाही. मी करून दाखवलं, तर माझ्याकडे संशयानं पाहत म्हणाल्या, "दिलेलं इंजेक्शन वापस काढता येते काय वं? खोटं नको शिकवू." चूक झाली की त्या ते पान तसंच ठेवून नवं पान उघडायच्या. त्यामुळे आमच्या वॉर्डात नेहमी दुप्पट गर्दी असायची.

कडवी जमवायची तऱ्हा आणखीच निराळी. सिस्टरना आठवेल ते त्या टाईप करायच्या, मग लॅपटॉप उचलून अक्कांच्या खाटेशी जायच्या आणि वाचून दाखवायच्या. अक्का "हव" म्हणाल्या तर कडवं पास. "नाई" आलं की कुठला शब्द चुकला ते एकेक करून शोधायचं. असं प्रूफरीडिंग जगात कुठं झालं नसेल. पाचव्या कडव्यावर आमची गाडी अडकली. "पाचव्या दिवशी पाळणा बांधला" इथपर्यंत हव. पुढे सिस्टरना लाल दोरी आठवत होती. नाई. हिरवी? नाई. पिवळी, पांढरी, गुलाबी? नाई, नाई, नाई. सिस्टर वैतागल्या, "अवं, इंद्रधनुष्य संपलं ना!" तेव्हा अक्कांनी डावा हात पुढे केला आणि सिस्टरच्या साडीचा काठ घट्ट धरून ओढला. सिस्टरनी लॅपटॉप बाजूला ठेवला. "लुगड्याचा काठ," त्या म्हणाल्या. "मायच्या लुगड्याचा." अक्का म्हणाल्या, "हव." मग कडवं पुरं झालं,

पाचव्या दिवशी पाळणा बांधला,
लुगड्याचा काठ दोरीले सांधला.

त्या दिवशी ताप तपासायचं आमच्या लक्षातच राहिलं नाही.

नात आली, तिला मुलगा झाला. सिस्टर बाळंतपणाच्या खोलीबाहेर उभ्या होत्या, कारण आत त्यांना कोणी घेतलं नाही. आतल्या नर्सला त्या दाराच्या फटीतून सूचना देत होत्या. बाळ रडलं आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

बारशाच्या आदल्या दिवशी पुस्तक तयार झालं. ताप शून्य. बाराही कडव्यांवर अक्कांचं हव. मी शेवटचं वाचून पाहिलं आणि समाधानानं झोपायला गेले. सिस्टरच्या जिवाला मात्र एक गोष्ट टोचत होती. फाइलींना आम्ही वाटेल ती नावं दिली होती, न्हाणं, कुंची, पाळणा, अशी. पेशंटला नावानं ओळखायचं नसतं, बेड नंबरानं ओळखायचं, हा त्यांच्या वॉर्डातला नियम. सकाळी लवकर उठून, हात धुऊन त्यांनी एकटीनं सगळ्या फाइलींना नंबर दिले, १ ते १२. मग सगळ्या नीट रांगेत लागाव्यात म्हणून फाइली नावाप्रमाणे लावायचं बटण दाबलं, मोठ्यानं "सेव्ह केलं" म्हणाल्या आणि पुस्तक मोहल्ल्यातल्या सगळ्या मोबाईलांवर पाठवून दिलं. मला हे सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

अंगणात बारसं. आधी वंदना झाली. पाळण्याच्या दोरीला अक्कांच्या जुन्या लुगड्याचा काठ सांधला होता. अक्कांची खाट बाहेर आणून पाळण्याजवळ ठेवली होती. नातीच्या बहिणी, मैत्रिणी, शेजारच्या पोरी हातात मोबाईल घेऊन गोल बसल्या. चाल शेजारच्या एका आजींनी गुणगुणून दाखवली आणि पोरींनी सुरुवात केली,

पहिल्या दिवशी दिवा लागला,
बाळाच्या रडण्यानं मोहल्ला जागला.

मी अक्कांकडे पाहिलं. त्या बाळाकडे बघत होत्या. सिस्टर माझ्या शेजारी ताठ उभ्या होत्या. पोरींनी बोटानं पान उलटलं आणि तितक्याच जोरात गायल्या,

दहाव्या दिवशी बाज उन्हात,
बाळंतीण हसते मनातल्या मनात.

"नाई," अक्का म्हणाल्या. पोरींना मराठीचा अंदाज बेताचाच. पहिल्यानंतर दहावा का, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मोबाईलवर आहे म्हणजे बरोबर. त्यांनी अकराव्या दिवशी कुंची शिवली. "नाई, नाई!" अक्कांचा आवाज चढला. म्हाताऱ्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. पोरी बाराव्या दिवसावर पोचल्या,

बाराव्या दिवशी जमल्या बाया,
नाव ठेवाया, घुगऱ्या खाया.

"इतक्या लवकर खतम?" कोणीतरी म्हणालं आणि बायांमध्ये हशा पिकला. पण खतम कुठलं? नाव ठेवून झालं, घुगऱ्या खाऊन झाल्या, आणि पान उलटून पोरींनी निवांतपणे सुरू केलं, "दुसऱ्या दिवशी तापलं पाणी..."

अक्कांनी डाव्या हाताची मूठ खाटेच्या लाकडावर आपटली. "नाई!" गाणं मध्येच तुटलं. पोरींच्या हातातले मोबाईल खाली गेले. सिस्टर पांढऱ्याफटक पडल्या होत्या. इतके दिवस ज्या एका गोष्टीसाठी जीव टाकला, ती साऱ्यांसमोर, अक्कांसमोर विस्कटली होती. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

आणि त्या शांततेत अक्का गायला लागल्या.

आधी नुसती घरघर होती. मग चाल कळली, मग शब्द. पहिल्या दिवशीचा दिवा. मोहल्ला जागला. थोडं थांबून, रागारागानं पोरींकडे बघत, अक्का पुढे गेल्या,

दुसऱ्या दिवशी तापलं पाणी,
न्हाऊ घालते मावशी शहाणी.

शब्द तोंडाच्या एकाच बाजूनं येत होते, कुठं कुठं गळत होते, पण तिसरा दिवस दुसऱ्यानंतर आला आणि चौथा तिसऱ्यानंतर. ज्या बाईला पाणी मागता येत नव्हतं, तिनं बाराही दिवस ओळीनं म्हटले. सहाव्या-सातव्यापासून म्हाताऱ्या बायांनी साथ धरली आणि मग पोरींनी. मी सिस्टरकडे बघितलं. त्यांनी पदरावरचं घड्याळ हातात धरलं होतं आणि त्या डोळ्यांची उघडझाप करत त्याच्याकडे बघत होत्या. "किती वाजले, सांग ना वं," त्या मला म्हणाल्या. "मले दिसून नाई राहिलं."

मी वेळ सांगितली. त्यांनी ती मोठ्यानं परत म्हटली आणि मग रडल्या.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उघडला तेव्हा भानगड कळली. मशीन एकपासून बारापर्यंत मोजत बसत नाही, पहिला आकडा बघतं. एकानं सुरू होणारे सगळे एकत्र, १, मग १०, ११, १२, आणि मग कुठं २. मी सिस्टरना दाखवलं. एकाच्या आधी शून्य लावायचं, ०१, ०२, असं. "एकाच्या आधी शून्य," त्या म्हणाल्या. आम्ही नवं पुस्तक बनवून सगळ्यांना पाठवलं. मग मी सवयीनं जुनं पुसायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"काहून पुसून राहिली?"

"ते चुकलेलं आहे, सिस्टर."

"पेशंट आजारी हाय म्हणून फेकून देते काय? राहू दे. हे अक्काचं औषध हाय."

त्या संध्याकाळपासून औषध सुरू झालं. दिवसातून एकदा, जेवणानंतर. सिस्टर हात धुऊन अक्कांच्या खाटेशी बसायच्या, ती आजारी फाईल उघडायच्या आणि आपल्या बेसूर आवाजात म्हणायच्या, पहिल्या दिवशी दिवा लागला. मग पान उलटून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, "दहाव्या दिवशी..." "नाई!" अक्का गरजायच्या आणि सगळा पाळणा बरोबर गाऊन दाखवायच्या. बोलणं काही परत आलं नाही. हव आणि नाई याच्या पुढे गाडी गेली नाही. पण भिंतीकडे तोंड करून पडणं संपलं. कधी कधी तो "नाई" म्हणताना अक्कांच्या तोंडाची चांगली बाजू हसायची, तेव्हा मला वाटायचं, कोण कोणाला औषध देतंय कुणास ठाऊक. वरच्या खोलीत वह्या तपासता तपासता मी तो पाळणा ऐकायचे आणि मला, का कोण जाणे, फार सुरक्षित वाटायचं. इतकं की तो पाळणा न ऐकता गेलेली संध्याकाळ मला सुनी वाटे.

पुढे माझी भोपाळला नोकरी लागली, लग्न झालं. जाताना माझा लॅपटॉप सिस्टरकडेच ठेवून गेले. अक्का गेल्याचं फोनवर कळलं. तेव्हा जाता आलं नाही. गेले ते बऱ्याच महिन्यांनी. रांझीतलं घर तसंच होतं. वर नवे भाडेकरू होते. मी पायरी चढायच्या आत आतून आवाज आला, "झोप? भूक? पोट?" मी तिन्ही उत्तरं दिली.

सिस्टर वाळल्या होत्या. साडी तशीच पांढरी, घड्याळ तसंच उलटं. अक्कांची खाट जागची हलवली नव्हती, वर स्वच्छ चादर ताणून घातलेली, इस्पितळातल्यासारखी, चारही कोपरे दुमडून. जेवणं झाली. त्या उठल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि निथळत्या हातांनी येऊन खाटेशी बसल्या.

"खोल," त्या म्हणाल्या.

मी लॅपटॉप उघडला. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी होती. मी बरोबर असलेलं उघडलं.

"हे नाई. आजारी वालं लाव."

मी ते लावलं. त्या वाचू लागल्या. पहिल्या दिवशी दिवा लागला, बाळाच्या रडण्यानं मोहल्ला जागला. पान उलटलं. "दहाव्या दिवशी बाज उन्हात," एवढं म्हणून त्या थांबल्या. पुढची ओळ समोर होती, पण त्यांनी वाचली नाही. रिकाम्या खाटेकडे बघत त्या नुसत्या थांबून राहिल्या. रोज संध्याकाळी त्या अशाच थांबत असणार, हे माझ्या लक्षात आलं.

"नाई," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जोरानं म्हण ना वं. अक्का जोरानं म्हणे."

"नाई!" मी ओरडले आणि पुढे गाऊ लागले, दुसऱ्या दिवशी तापलं पाणी, न्हाऊ घालते मावशी शहाणी. आपल्याला सगळा पाळणा येतो, हे मला तेव्हाच कळलं. सिस्टरनी पदरावरचं घड्याळ वर उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि वेळ बघितली.